लग्न ठरलं? आधी गुरुजींबरोबर तासभर बसा

घरात लग्न ठरलं की पहिली यादी होते ती कार्यालयांची. मग केटरर, डेकोरेशन, मेंदीवाली, फोटोवाला, शालू, शेरवानी आणि हल्ली नाच बसवणारा कोरिओग्राफरही. गुरुजींचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोही "दक्षिणा किती?" आणि "तासाभरात आटपेल ना?" या दोन प्रश्नांपुरता. ज्या कामासाठी शेकडो माणसं जमणार असतात, त्या कामाबद्दल घरात कुणी नीट बोललेलंच नसतं.

माझं सांगणं असं, की हा क्रम बदला. लग्न ठरलं की मुलगा, मुलगी आणि दोन्हीकडचे आईवडील, एवढ्यांनी आधी गुरुजींबरोबर तासभर बसा. कोणते विधी करायचे, ते कशासाठी असतात, कोणते सोडायचे, कुठे बदल करायचा, हे त्या बैठकीत ठरवा. बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. देवाधर्मावर श्रद्धा असलेल्या घरांनी हे करावंच. नसलेल्यांनी तर आवर्जून करावं, म्हणजे न पटणारं काही मुकाट्याने करत बसायची वेळ येणार नाही.

याचं पहिलं कारण रोकडं आहे. कायद्याच्या लेखीसुद्धा हिंदू लग्न विधींनीच लागतं. 1955च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम म्हणतं, की वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. एप्रिल 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. जोडप्याने एका संस्थेकडून लग्नाचं प्रमाणपत्र घेतलं होतं, नोंदणीही केली होती. पण विधी कोणतेच झालेले नव्हते. न्यायालयाने ते लग्न झालंच नाही असं ठरवलं, आणि विवाह हा संस्कार आहे, नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, असं तरुणांना बजावलं. त्याआधी, 1965 साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याच्या आरोपातून नवरा सुटला होता. दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून ते दुसरं लग्नच धरलं गेलं नाही. विधी झाले की नाही, यावर बाईचे हक्क असे टांगलेले असतात.

दोन घरांच्या पद्धती वेगळ्या असतील, जाती वेगळ्या असतील, तर "आमच्यात असं नसतं" यावरून रुसवेफुगवे होतात. कायद्याला कोणत्याही एका बाजूची रूढी चालते. तेव्हा एका बाजूचे मुख्य विधी आणि दुसऱ्या बाजूचे दोन-तीन जिव्हाळ्याचे प्रकार असं जमवून घ्यायला काहीच अडचण नाही. ज्या समाजांच्या रूढीत होम आणि सप्तपदी नाही, त्यांनी त्या नव्याने आणायची गरजही नाही. ज्यांना विधी नकोच असतील त्यांच्यासाठी 1954चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आता विधींकडे येऊ. मुख्य विधी कोणते आणि नंतर आलेली रीत कोणती, हे कळलं तर निम्मे वाद मिटतात. गृह्यसूत्रांत लग्नाचा गाभा असा आहे: वराने वधूचा हात धरायचा ते पाणिग्रहण, मग होम, अग्निप्रदक्षिणा, लाजाहोम, अश्मारोहण आणि सप्तपदी. अंतरपाट आणि मंगलाष्टकं, ज्यांना आपण लग्न लागणं म्हणतो, ती या गाभ्यात येत नाहीत. मंगळसूत्र बांधण्याबद्दलही सूत्रं काहीच सांगत नाहीत, असं महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवलं आहे. म्हणून या गोष्टी करू नयेत असं मुळीच नाही. अंतरपाट दूर होताना मामा मुलीच्या पाठीशी उभा असतो, करवल्या करा-दिवा घेऊन असतात, सगळा मांडव हातात अक्षता घेऊन थांबलेला असतो. मराठी माणसाला तो क्षण नसलेलं लग्न अपुरंच वाटेल. पण होतं असं, की अक्षता पडल्या की निम्मा मांडव जेवायला पळतो आणि ज्याला शास्त्र आणि कायदा दोन्ही लग्न म्हणतात ते रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकलं जातं. म्हणून पहिली विनंती ही: सप्तपदी होईपर्यंत पंगत मांडू नका. केटररला तसं आधीच सांगून ठेवा.

या विधींचे अर्थ लपलेले नाहीत. लाजाहोमात मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. माहेरचं माणूस सासरच्या पहिल्या कामात हात लावतं. याच सुमारास भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ अशी तंबी देतो आणि त्याबद्दल भेट उकळतो. त्या कानपिळीला हसायला सगळे असतात, लाह्यांकडे कुणी बघत नाही. अश्मारोहणात वधू सहाणेवर किंवा पाट्यावर पाय ठेवते. दगडासारखी स्थिर राहा, असं तिला सांगितलं जातं. हे एकट्या मुलीलाच का, असा प्रश्न आजच्या मुली विचारतात आणि तो रास्त आहे. दोघांनी त्या दगडावर पाय ठेवावा. अडचणीच्या दिवसांत उभं तर दोघांनाच राहायचं असतं.

सप्तपदीबद्दल हिंदी सिनेमाने एक घोटाळा करून ठेवला आहे. सप्तपदी म्हणजे अग्नीभोवतीचे सात फेरे नव्हेत. आपल्याकडे तांदळाच्या सात लहान राशी मांडतात, प्रत्येकीवर सुपारी असते, आणि वधू उजव्या पायाने एकेक रास ओलांडत सात पावलं पुढे जाते. आश्वलायन गृह्यसूत्राच्या क्रमाने पहिलं पाऊल अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं संपत्तीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी. संसार पोटापाण्यापासून सुरू होतो आणि मैत्रीशी येऊन थांबतो. एवढा व्यवहारी हा क्रम आहे. तो मराठीत सांगायला गुरुजींना पाच मिनिटं लागतात. ती त्यांच्याकडून मागून घ्या. दोघांना आपल्या शब्दांत प्रत्येक पावलाला एक वाक्य बोलायचं असेल तर आधी लिहून आणा आणि माइक हातात द्या. आणि फोटोवाल्याला सांगा, की धुरात डोळे चोळणारी नवरी टिपली नाही तरी चालेल, सातवं पाऊल मात्र टिपलंच पाहिजे. उद्या कधी पुरावा लागला तर तोच लागतो.

कन्यादानावर घराघरांत वाद होतात. मुलगी ही दान द्यायची वस्तू आहे का, हा प्रश्न आता आजीही विचारते. विधी नीट पाहिला तर त्यात दान आहे, तसं वचनही आहे. खाली काशाचं भांडं असतं, आई पाण्याची धार धरते, आणि मुलीचे वडील वराकडून धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला डावलणार नाही असं कबूल करून घेतात. वर ते तीन वेळा कबूल करतो. ज्यांना दान पटत नाही त्यांनी ते गाळावं आणि वचन ठेवावं. तेच वचन मुलीनेही मुलाला द्यावं. कन्यादान गाळलं तर लग्न कच्चं राहील, ही भीती मनातून काढा. मार्च 2024मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे, की हिंदू विवाह कायद्याप्रमाणे कन्यादान हा आवश्यक विधी नाही.

असे बदल केले तर धर्म बुडेल, असं कुणी म्हणालं तर त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, खुद्द आश्वलायन सूत्रच म्हणतं, की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या रीती वेगवेगळ्या असतात, लग्नात त्या पाळाव्यात. आपस्तंब सूत्र त्याच्याही पुढे जाऊन म्हणतं, की कोणते आचार करायचे ते बायकांना विचारून घ्यावं. दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर 1873मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीवाचून. जोतीरावांनी मंगलाष्टकं नव्याने रचली. त्यांत वधूवर एकमेकांना मराठीत बोलून वचनं देतात, आणि स्त्रीच्या हक्काची गोष्ट वधू स्वतः काढते. पुण्यात थत्ते मामांनी 1970च्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली तेव्हा बरीच टीका झाली. ज्ञानप्रबोधिनीनेही स्त्री-पुरुष दोघांना तयार केलं आणि मराठी अर्थासह पोथ्या छापल्या. आज महाराष्ट्रात बाई लग्न लावते याचं फारसं कुणाला नवल वाटत नाही. रायगड-ठाण्याकडच्या आगरी घरांना ते कधीच नवं नव्हतं. तिथे धवलारीण धवले गात लग्नाचे विधी चालवत आली आहे.

बायकांना विचारा, हे सूत्र मला फार मोलाचं वाटतं. साखरपुडा, केळवण, मुहूर्तमेढ, घाणा, हळद, देवक, सीमांतपूजन, गौरीहर, झाल, सूनमुख, ही सगळी साखळी पोथीपेक्षा आज्या, आत्या आणि मावश्या यांच्याकडे जास्त शाबूत आहे. देवक कोणतं, पंचपालवी की कळंब, कुठल्या देवळातून आणायचं, हे कुळातल्या एखाद्या थोरल्या काकूलाच ठाऊक असतं. घाणा भरताना उखळ-मुसळाला आंब्याची पानं बांधून सवाष्णी ज्या ओव्या म्हणत, त्या आता दोन-चार जणींनाच येतात. हळदीला डीजे लावायचा तर लावा, कायद्याने रात्री दहाला बंद करा. पण त्याआधी अर्धा तास त्या म्हाताऱ्या बायकांना द्या आणि मोबाइलवर त्यांचा आवाज भरून ठेवा. डीजेवाला पुढच्या लग्नालाही मिळेल, त्या बायका असतीलच असं नाही.

सवाष्ण हा शब्द निघालाच आहे तर एक कळकळीचं मागणं. नवरा गेलेल्या आईला स्वतःच्या लेकीच्या हळदीला मागे बसवायचं, ओटी भरू द्यायची नाही, कन्यादानाला काका-काकूंना उभं करायचं, हे आता थांबवा. जिने एकटीने मुलगी वाढवली तिच्या हातून धार धरली गेली तर कुठलं अमंगळ होतं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. लग्नघरात मात्र ठरावाची वाट पाहावी लागत नाही. मुलीने किंवा मुलाने एकदा ठामपणे म्हटलं, "आई बसणार", की विषय संपतो. गुरुजींबरोबरच्या बैठकीतच हे बोलून घ्या, म्हणजे ऐन वेळी मांडवात कुजबुज होत नाही.

काही गोष्टी मात्र बिनदिक्कत कमी करा. मंगलाष्टकं आठ पुरेत. घरच्यांनी नवी रचली असतील तर ती चालीत बसतात का ते आधी म्हणून पाहा, कारण वधूवर तोवर जड हार घालून उभे असतात. अक्षता प्रत्येकाला चिमूटभरच द्या; पायाखाली तुडवला जाणारा तांदूळ कुणाच्याही आशीर्वादाला शोभत नाही. कितीतरी कार्यालयांत आता फुलांच्या पाकळ्या वाटतात, तेही चांगलं. विहिणीचे पाय धुणं, मानपानाच्या साड्या, आहेराची परतफेड, यावर दोन्ही घरांनी आधीच काट मारली तर कुणाचाच मान कमी होत नाही. हुंड्याबद्दल सल्ला द्यायचा नसतोच. 1961च्या कायद्याने तो देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. राजीखुशीने दिलेल्या भेटींची मात्र यादी करून त्यावर सह्या घ्या. 1985च्या नियमांत तशी तरतूद आहे आणि ती मुलीच्या हिताची आहे.

मुहूर्ताचंही एकदा स्पष्ट बोलू. पूर्वी घंगाळात पाणी भरून त्यात भोक पाडलेलं घटिकापात्र सोडत. ते 24 मिनिटांनी बुडे, आणि त्यावर नजर ठेवून मुहूर्त साधत. आज प्रत्येकाच्या खिशात सेकंद दाखवणारं घड्याळ आहे, आणि वरात कार्यालयाच्या फाटकाबाहेर तासभर नाचत असते. मुहूर्त मानत असाल तर पाळा. मानत नसाल तर पत्रिकेत सोयीची वेळ छापा, म्हणजे गावाहून आलेली म्हातारी माणसं ताटकळत बसणार नाहीत.

ध्रुवदर्शनाची तर फारच थट्टा होते. भर दुपारी कार्यालयाच्या छताकडे बोट दाखवून ध्रुव, अरुंधती, सप्तर्षी दाखवले म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यापेक्षा हा विधी संध्याकाळी घरी, गच्चीवर करा. ध्रुव वर्षभर दिसतो. पुण्यातून पाहिलं तर उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर. चैत्र-वैशाखात लग्न असेल तर अंधार पडल्यावर उत्तरेला सप्तर्षीही दिसतात, आणि त्यांतल्या वसिष्ठाशेजारी बारीकशी अरुंधती. मार्गशीर्षातलं लग्न असेल तर सप्तर्षींसाठी मध्यरात्र उलटेपर्यंत जागावं लागेल. तेव्हा ध्रुवावर भागवा.

आता त्या बैठकीत विचारायचे प्रश्न. पूर्ण विधींना किती वेळ लागेल? दोन ते अडीच तास सांगितले तर तेवढे द्या. कमी करायचे असतील तर काय गाळणार ते विचारा. प्रत्येक मुख्य विधीचा अर्थ मराठीत सांगाल का? आमच्या घरची ही रीत आहे, ती कुठे बसेल? सामानाची यादी केव्हा द्याल? परदेशात लग्न असेल तर हॉलमध्ये होम पेटवायची परवानगी आहे का, ते हॉलवाल्याला आधी विचारा. अमेरिकेत असाल तर तिथलं विवाह लायसन्स लग्नाआधी काढून ठेवा.

लग्न लागल्यावरचं एक काम राहतं, ते बऱ्याचदा पासपोर्ट काढायच्या वेळी आठवतं. महाराष्ट्रात 1998च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून नव्वद दिवसांत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. तीन साक्षीदार लागतात, अर्जावर पुरोहितांची सही लागते. ती सही आणि साक्षीदारांची कागदपत्रं मांडवातच घ्या. नंतर गुरुजी एका गावी, मामा दुसऱ्या गावी असतात. नोंदणी राहिली तर लग्न रद्द होत नाही, आणि नुसत्या नोंदणीने न लागलेलं लग्न लागत नाही. दोन्ही हवं.

एवढं सगळं करायला पैसे लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. तासभराची एक बैठक, आजीला केलेला एक फोन, केटररला आणि फोटोवाल्याला दिलेली एकेक सूचना, एवढ्यावर हे भागतं. तुमच्या घरी या हंगामात लग्न असेल तर कार्यालयाची आगाऊ रक्कम भरण्याआधी गुरुजींना फोन करा, आणि त्या बैठकीला मुलाला आणि मुलीला घेऊनच जा.